धोंड्याच्या महिन्यात तुंबलेलं चेंबर

घर घेताना माणूस काय काय बघतो. कुणी दाराची दिशा बघतो, कुणी शेजार बघतो, कुणी शाळा किती लांब ते पावलांनी मोजतो. गोटीराम अहिरे यांनी एक्क्याण्णव साली नाशिकरोडला, जेल रोडवर, तळमजल्याचा फ्लॅट घेतला तेव्हा वारा बघितला. हॉलच्या खिडकीत उभे राहिले, शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि बायकोला म्हणाले, "बघ, पंखा लावायचीसुद्धा गरज नाही." एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभा जन्म पाइप जोडण्यात गेलेला हा गडी. कुठल्या पाइपला किती उतार पाहिजे, ते पाइपकडे न बघता सांगायचा. पण ज्या इमारतीत आपण राहायला जातोय तिचं सांडपाणी कुठून कुठे जातं, एवढं बघायचं मात्र त्याला सुचलं नाही.

ते सांडपाणी जात होतं त्याच्याच न्हाणीखालून. तळमजला आणि वर तीन मजले, एकूण आठ घरं. आठही घरांचे पाइप मागच्या भिंतीवरून खाली यायचे, आप्पांच्या न्हाणीजवळ वळायचे आणि परसातल्या तीन चेंबरांमधून रस्त्याच्या गटाराला मिळायचे. आप्पा म्हणजे गोटीरामच. सगळी इमारत त्यांना आप्पा म्हणायची. आता ही वाट कुठेही तुंबली, की पाणी सगळ्यांत खालचं तोंड शोधतं. ते तोंड म्हणजे आप्पांची मोरी. वरचे लोक गाणी म्हणत आंघोळ करणार, आणि त्यांचा साबण आप्पांच्या पायाशी येणार.

त्र्याण्णव साली एकदा आलं, शहाण्णव साली एकदा आलं. अठ्ठ्याण्णव साली आलं तेव्हा आप्पांच्या सौभाग्यवती कुसाबाई हॉलमध्ये जमिनीवर कुरडया घालून बसल्या होत्या. कुसाबाई सटाण्याकडच्या. शेजारणींशी त्या चांगलं शहरी बोलायच्या, पण राग आला की तोंडून माहेरची अहिराणी बाहेर पडायची. त्या दिवशी कुरडयांचा सगळा घाट उकिरड्यावर टाकून आल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "आखो येक डाव हाई पानी घरमा उनं, तं मी सटाणाले निंघी जासू. मंग बसा तुम्हना चेंबर कवळीसन."

म्हणजे आणखी एकदा पाणी आलं की बाई भावाकडे सटाण्याला, आणि आप्पांनी चेंबरला मिठी मारून बसायचं. दुसऱ्या कुठल्या बाईने हे म्हटलं असतं तर नवरा हसला असता. आप्पा हसले नाहीत. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी ते कुसाबाईंच्या चतुर्थीच्या उपवासाला हसले होते. तेव्हा, "तुम्हाला पुन्हा साबुदाण्याची खिचडी करून घालणार नाही," एवढंच ती बाई म्हणाली होती. त्यानंतर आप्पांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली ती फक्त लोकांच्या घरी.

आणि खरं सांगायचं तर आप्पांचं कुसाबाईंवाचून पान हलत नव्हतं. चष्मा डोळ्यांवर असला तरी तो कुठे आहे हे कुसाबाईंनाच विचारावं लागे. बाई दोन दिवस कुठे लग्नाला गेल्या तर आप्पा घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. त्यांना बायकोचा फार लळा होता, फक्त तो बोलून दाखवायची त्या पिढीत रीत नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं, की आता पुन्हा पाणी येऊ द्यायचंच नाही.

मग इमारतीचे दिवस भरले.

निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात वेळ आणि पहार एकदम आली तर काय होतं, ते जेल रोडने बघितलं. आप्पांनी तिन्ही चेंबरांच्या झाकणांवर पांढऱ्या ऑइलपेंटने एक, दोन, तीन असे आकडे काढले. दर दुसऱ्या रविवारी सकाळी झाकणं उघडायची, पाव तास लांब उभं राहायचं, मग बॅटरी मारून पाणी वाहतंय का बघायचं. कडेला तेलाचा थर धरलेला दिसला की बांबूच्या लांब कामट्या घालून तो मोकळा करायचा. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घातलेले आप्पा पहिल्यांदा दिसले तेव्हा पहिल्या मजल्यावरचं एक मूल रडायला लागलं होतं.

आठही घरांच्या मोऱ्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने बारीक भोकांच्या जाळ्या बसवल्या. नंतर त्या जागेवर आहेत की नाहीत हे बघायला ते कधीही येत. चहाचा चोथा कुंडीत घालायचा. तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही, कारण खाली गेल्यावर ते थिजतं आणि पाइपला आतून चिकटतं. केस, फडकी, लहान मुलांची लंगोटं, काही म्हणजे काही जाळीच्या खाली जाता कामा नये. आप्पा जिन्यात दिसले की बायका हातातली कढई पदराखाली घेत. पोरांनी त्यांचं नाव चेंबरआप्पा पाडलं. आप्पांना ते आवडलं, हा त्यातला विनोद.

या सगळ्यावर कळस झाला तो २००३च्या गणपतीत. सिंहस्थाचं साल. नाशकात नुकतीच शाहीस्नानं होऊन गेली होती, आणि नाशकातली माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. सोसायटीच्या गणपतीसमोर आरतीनंतर आप्पांनी माइक धरला. "तुम्हाला काय वाटतं," ते म्हणाले, "मोरीत टाकलं की संपलं? अरे, शेवटी जातं कुठं? गंगेला! आपल्या घरातली प्रत्येक गोष्ट शेवटी गंगेला मिळते. टाकताना एकदा तरी गंगामाईची आठवण ठेवा." मधे सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र असतं, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर भाषणातला जोर गेला असता. तिसऱ्या मजल्यावरच्या विठाबाई आजींनी तर बसल्या जागी हात जोडले. आप्पा त्या रात्री दोन वाट्या खीर जास्त प्यायले.

असं करत करत सहा वर्षं मोरी कोरडी राहिली.

मग आला २००४चा अधिक श्रावण. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो, आणि घरोघरी जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, नवे कपडे करायचे. सगळ्या महाराष्ट्राला या महिन्यात पुण्य दिसतं. आप्पांना तेल दिसत होतं. आठ घरांत मिळून अकरा जावई, हे त्यांनी बोटांवर मोजलं होतं. अकरा जावयांचे अनारसे, पुऱ्या, भजी, आणि त्या तळणीची भांडी. "जावयाला वर्षातून दोनदा बोलवा ना, थोडं थोडं," असं त्यांनी सोसायटीच्या बैठकीत सुचवूनही बघितलं. ते कुणी टिपून घेतलं नाही.

त्यांचा स्वतःचा जावई कुंदन अंबडला एका कारखान्यात कामाला. गरीब स्वभावाचा पोरगा. सासऱ्यासमोर खुर्चीच्या निम्म्या भागावर बसायचा. रविवारी सकाळी तो आणि आप्पांची लेक सुवर्णा आले. कुसाबाई चार दिवस राबत होत्या. कुंदन नवा शर्ट घालून, कपाळाला कुंकवाचा टिळा लावून, डोक्यावर नवी टोपी घेऊन पाटावर बसला. कुसाबाई अनारशांचं ताट आणि त्यावर पेटवलेला दिवा घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या.

तेवढ्यात न्हाणीतून आवाज आला. कुणीतरी गुळण्या करतंय असा.

कुसाबाई होत्या तिथे थांबल्या. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमतच झाली नाही. ते न्हाणीच्या दारात गेले. जाळीतून काळपट पाणी वर येत होतं, घाईने नाही, चांगलं सावकाश, आणि उंबऱ्याला लागलं होतं.

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चेष्टा करायला आप्पा कितीही बरे असले, तरी अशा वेळी सबंध इमारतीत डोकं ठिकाणावर असलेला तोच एक माणूस. "सुवर्णा, पाणी हॉलमध्ये यायच्या आत मेन स्विच पाड. हात कोरडे कर आधी. फ्रिज जमिनीवर आहे. जावईबापू, उठा. वर पळा. एकेक दार वाजवा. नळ बंद, फ्लश बंद, कपडे धुणं बंद, आंघोळीत असेल त्याने अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर यायचं. वरून थेंब आला नाही तर इथलं वाढणार नाही."

कुंदन टिळा आणि टोपीसकट वर पळाला. धोंड्याच्या महिन्यात नवी टोपी घातलेला जावई दारात उभा दिसल्यावर लोकांनी काय समजायचं? दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्याला आत बसवून औक्षण केलं. तिथून सुटून तो तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा त्याच्या हातात नारळ होता. पण नळ बंद झाले.

आप्पांनी बूट-हातमोजे चढवले आणि परसात जाऊन झाकणं उघडली. एक नंबरचं चेंबर काठोकाठ. दोन नंबरचं काठोकाठ. तीन नंबरचं कोरडं ठणठणीत. म्हणजे बूच बसलं होतं दोन आणि तीनच्या मधे. सगळी इमारत परसात गोळा झाली, आणि गोळा झालेल्या माणसांना नेहमी होतं तसं प्रत्येकाला उपाय सुचायला लागले. "सगळे दहा पावलं मागे," आप्पा ओरडले. "आतला वायू निघून जाऊ द्या. आणि ती विडी विझवा आधी!"

गल्लीच्या टोकाला राहणारा फकिरा कामट्या आणि लोखंडी आकडा घेऊन आला. गटारं मोकळी करण्याचं काम तो करायचा. त्याला बघून सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "आप्पा, कामट्यांनी कशाला खेळत बसता? याला उतरवा ना खाली. दहा मिनिटांचं काम."

आप्पा दोन नंबरच्या चेंबरच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझा चुलता असाच दहा मिनिटांसाठी उतरला होता. विहिरीत. आत डिझेल इंजिन चालू होतं, धूर कोंडलेला. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघांनाही दोराने वर काढलं." आप्पांनी मोज्यांचा दुसरा जोड उचलला. "इथं कुणी उतरणार नाही. कामट्यांनी नाही निघालं तर महापालिकेची प्रेशरची गाडी येईपर्यंत थांबायचं. ती उद्या आली तर उद्यापर्यंत नळ बंद. फकिरा, हे घे मोजे." चेअरमननी त्या दिवशी पुढे तोंड उघडलं नाही, हाही एक फायदाच झाला.

दोघांनी तीन नंबरच्या बाजूने कामट्या घातल्या. ढकललं, फिरवलं, ओढलं. अर्ध्या तासाने आकड्याला काहीतरी लागलं आणि लांबच लांब, भिजलेलं, हाताच्या दंडाएवढं जाड काही बाहेर यायला लागलं. पाठोपाठ धो धो पाणी तीन नंबरमध्ये कोसळलं आणि परसातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पा वाकून बघत होते. तो कापूस होता. तेलाने चिकटून दोर झालेला कापूस, पण नीट बघितलं तर त्यात लहान लहान मणी वळलेले, आणि मण्यामण्याला कुंकवाचं बोट. मधे तुळशीची पानं, दूर्वा, वाती. देवाला वाहायची कापसाची वस्त्रं! इतकी एकसारखी, इतक्या बारीक हाताची वस्त्रं इमारतीत एकच बाई करायची. गणपतीत प्रत्येक घरी तीच द्यायची.

"काय निघालं हो?" मागून यादवरावांनी विचारलं. तिसऱ्या मजल्यावरचे यादवराव, विठाबाई आजींचे धाकटे चिरंजीव, कचेरीत हेडक्लार्क. "ज्याने केलं असेल त्याचं नाव बोर्डावर लावा. कुणाचीही भीड ठेवू नका." हे यादवराव गेलं वर्षभर आईला पेठ गावी थोरल्या भावाकडे पाठवायचं म्हणत होते. आईचं आताशा ध्यान राहत नाही, दूध उतू जातं, देवापुढचा दिवा पडतो. आजी मात्र गंगा सोडून जायला तयार नव्हत्या.

आप्पांनी तो सगळा कापूस भराभर गोणपाटात कोंबला. "फडकी आहेत," ते म्हणाले. फकिराने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि गोणपाटाचं तोंड बांधलं.

मग घर साफ करायचं होतं. मोरीतलं पाणी उतरलं होतं, पण हॉलच्या निम्म्या फरशीवर घाण होती. कुंदनच्या बोटाला कारखान्यात लागलेलं होतं, म्हणून त्याला आप्पांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. तो बाहेरून बादल्या भरून देत राहिला. जमिनीवर होतं ते सगळं गेलं. सतरंजी गेली, कापसाची गादी गेली, गव्हाचं पोतं तळाशी चार बोटं भिजलं होतं तेही गेलं. "वरचे चांगले आहेत," कुसाबाई म्हणाल्या. "पोत्यात वरचे आणि खालचे वेगळे राहत नाहीत," आप्पा म्हणाले. आधी साबणाच्या पाण्याने फरशी घासून काढली, मग ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून भिंतीच्या वीतभर उंचीपर्यंत लावली. जरा वेळ तसंच ठेवून पुन्हा धुतली. मधेच सुवर्णा संडास धुवायच्या ॲसिडची बाटली घेऊन आली, तेव्हा आप्पांनी ती अक्षरशः हिसकावली. ब्लीचिंगमध्ये ॲसिड पडलं की विषारी वाफ निघते, हे त्यांनी गेल्या वर्षी जिन्यात कागद लावून सांगितलं होतं. घरच्या लोकांनीच तो वाचला नव्हता.

सगळी दारं-खिडक्या उघडी टाकून, आंघोळी करून, फकिराला कुंदनशेजारी पाटावर बसवून जेवणं झाली तेव्हा साडेचार वाजले होते. फळीवरचे अनारसे तेवढे वाचले होते.

मग आप्पा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. यादवराव आणि त्यांची बायको बाहेर गेले होते, ही देवाचीच कृपा. आजी देवघरासमोर भिंतीला टेकून वस्त्रं वळत बसल्या होत्या. अधिक महिन्यात रोज तेहतीस.

"आजी, हा कापूस वाहून झाल्यावर कुठे जातो?"

"गंगेला," आजी सहज म्हणाल्या. "आधी मी दसकच्या घाटावर रोज जायची ना निर्माल्य घेऊन. आता गुडघे धरतात. सुनेला सांगितलं तर ती म्हणते कचऱ्यात टाका. देवाचं कसं टाकायचं हो कचऱ्यात? मग तुम्ही गणपतीत सांगितलंत, मोरीतलं सगळं शेवटी गंगेला मिळतं म्हणून. टाकताना गंगामाईची आठवण ठेवा म्हणालात. मला इतकं बरं वाटलं! तेव्हापासून रोज हात जोडून सोडते. वर दोन तांबे पाणी घालते. आणि जाळी काढली की लगेच परत बसवते हं. तुम्हाला जाळी काढलेली चालत नाही, मला माहीत आहे."

आप्पा तिथेच खाली बसले. सहा वर्षं त्यांनी आठ घरांच्या कढया हुंगल्या होत्या, आणि चेंबरमध्ये शेवटी अडकलं होतं त्यांचं स्वतःचं भाषण.

"पोचतं ना हो?" आजींनी विचारलं.

पाइप कुठे पोचतो याबद्दल आप्पांना कुणाच्या तोंडावर कधी खोटं बोलता आलं नव्हतं. "उद्यापासून मी घेऊन जात जाईन," ते म्हणाले. "मला सकाळी तसंही फिरायला जायचं असतं. मोरीत नका सोडू आता. वाट लांबची आहे."

खाली आले तेव्हा सुवर्णा-कुंदन निघून गेले होते आणि कुसाबाई पिशवी भरत होत्या. उद्या सकाळची सटाण्याची एसटी.

"चेंबरात काय निघालं?" त्यांनी विचारलं. अहिराणीत नाही, साध्या शहरी भाषेत. ते जास्त वाईट होतं.

नाव सांगितलं असतं तर आप्पा सुटले असते. बाईंचा राग तीन मजले वर गेला असता. पण तिथून तो यादवरावांच्या कानावर गेला असता, आणि आजी पेठला. कुसाबाई कुणाला सांगणार नाहीत, हे काही आप्पांच्या डोक्यात आलं नाही. "फडकीच होती," ते म्हणाले. "माझंच चुकलं. माझं लक्ष राहिलं नाही."

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात आप्पांच्या तोंडून 'माझंच चुकलं' हे शब्द प्रथमच निघाले होते. कुसाबाईंनी पिशवीची चेन ओढली.

बाई गेल्या. आप्पांची जी दशा झाली ती सांगण्यात अर्थ नाही. चष्मा दोनदा फ्रिजमध्ये सापडला. चहा जमेना, भात जमेना, पावसाने ओढ दिली होती तरी तुळशीला पाणी घालायचं ध्यान राहीना. सटाण्याला फोन केला की कुसाबाईंचा भाऊ उचलायचा आणि "ती शेतात गेली" म्हणायचा. शेतात कांदा नव्हता, काही नव्हतं. बाई तिथे काय करत होती कुणास ठाऊक.

एक गोष्ट मात्र चुकली नाही. रोज सकाळी आप्पा वर जायचे, आजींच्या हातून निर्माल्याचा पुडा घ्यायचे आणि चालत दसकच्या घाटावर जायचे. तिथे पुडा उघडून निर्माल्य गंगेच्या पाण्यात बुडवायचे, हात जोडायचे, आणि कापूस पिळून पुन्हा घरी आणून परसात तुळशीच्या बुडाशी पुरायचे. नदीत कापूस सोडायला त्यांचा हात धजेना. त्यांच्या लेखी तीही एक मोठी लाइनच होती, आणि खाली कुठेतरी कुणाचं तरी घर असणार. "पोचलं?" आजी विचारायच्या. "गंगेचं पाणी लागलं," आप्पा सांगायचे. तेवढं खरं होतं.

दहाव्या दिवशी आजींनी पुडा हातात देता देता विचारलं, "कुसा दिसत नाही ती? तुळस सुकलीय तुमची, गॅलरीतून दिसते."

"माहेरी गेलीय."

"अधिकात? जावयाचं करून लगेच?"

आप्पांनी काहीतरी उत्तर दिलं. कापसाचं, चेंबरचं, कशाचंच नाव घेतलं नाही. आजी मान हलवत आत गेल्या.

त्याच संध्याकाळी आप्पांच्या दारावर थाप पडली. दार उघडलं तर समोर विठाबाई आजी, भिंत धरून उभ्या. तीन जिने उतरून आल्या होत्या. सबंध वर्षात त्या खाली आल्या नव्हत्या. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. "माझं ध्यान अगदीच गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या रविवारी चेंबर तुंबलं, त्याच दिवशी तुम्ही कापूस विचारायला आलात. मला आज समजलं. लावा सटाण्याला फोन."

"आजी, यादवरावांना कळलं तर—"

"लावा म्हणते ना."

आप्पांनी नंबर फिरवला. या वेळी भावाने नाव विचारल्यावर आजींनीच सांगितलं, आणि कुसाबाई शेतातून एका मिनिटात फोनवर आल्या. आजींना ऐकू कमी यायचं, म्हणून कुसाबाई चांगल्या मोठ्याने बोलत होत्या. पलीकडचं सगळं आप्पांना स्वच्छ ऐकू येत होतं.

"कुसा, तुझ्या घरात आलेलं पाणी माझ्या हातचं होतं गं. तुझ्या नवऱ्याची काही चूक नाही. माझी वस्त्रं होती."

"आजी, माले माहीत शे," कुसाबाई म्हणाल्या. "गोणपाट मागच्या दारात ठेवलं होतं, मी उघडून बघितलं. तुमचा हात मी ओळखणार नाही का? दर गणपतीला माझ्या देव्हाऱ्यात तुमचीच वस्त्रं असतात."

आजी गोंधळल्या. "मग तू गेलीस का?"

"पाणी आलं म्हणून नाही गेले. पाणी काय, धुतलं की जातं. मी त्या दिवशी त्यांना सरळ विचारलं, काय निघालं. या माणसाने एकोणचाळीस वर्षांत कधी चूक कबूल केली नाही, आणि केली ती माझ्या तोंडावर खोटं बोलायला. म्हणजे मी तुमचं नाव गावभर करीन असं वाटलं त्यांना. मला सांगितलं असतं तर मीच रोज तुमचं निर्माल्य नेलं असतं घाटावर. एवढ्या वर्षांत मला एवढंच ओळखलं?"

आप्पा फोनच्या शेजारी उभे होते. त्यांनी फोन हातात घेतला नाही. आजींनी तो त्यांच्या तोंडासमोर धरला.

"कुसा," ते म्हणाले, "हे मात्र खरंच माझं चुकलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कुसाबाईंचा नेहमीचा, हुकमाचा आवाज. "उद्या सकाळच्या गाडीने येते. आणि आजींना एकटीने जिना चढू देऊ नका. प्रत्येक मजल्यावर बसवा त्यांना. घाई नका करू."

आप्पांनी फोन ठेवला, घरातली एक खुर्ची उचलून खांद्यावर घेतली आणि दुसरा हात आजींपुढे केला. पहिल्या वळणावर त्यांनी खुर्ची ठेवली आणि आजींना बसवलं. दुसऱ्या मजल्यावर यादवराव जिन्यात भेटले, घाबरून विचारायला लागले, "आई खाली कशाला गेली होती?"

"मीच बोलावलं होतं," आप्पा म्हणायला गेले, आणि थांबले.

"फोन करायला," आजींनी सांगितलं. "धर मला त्या बाजूने."